थोरल्या जावेची आंघोळ

चर्चच्या मंडळीत सगळे तिला शिवणकाकू म्हणत. लोकांचे कपडे शिवून तिनं संसाराला हातभार लावला होता. पण तिथं तिचं नाव होतं ते प्रार्थनेसाठी. 'प्रभू' म्हणतानाच तिचे डोळे भरून यायचे. "देवावर जीव असावा तर असा," बायका म्हणायच्या, आणि तिला स्वतःलाही ते पटायचं.

तिच्या प्रार्थनेत एक नाव मात्र कधी येत नसे, थोरल्या जावेचं. सासूबाई गेल्या त्या दिवशी शवपेटी अजून घरातच होती, आणि जावेनं चारचौघांत तोंड सोडलं होतं, "हिनं वेळेवर औषध दिलं असतं तर आई आज उठून बसल्या असत्या." सासूबाईंचं हगणंमुतणं काढलं होतं ते शिवणकाकूनंच. तेव्हापासून बोलणं तुटलं ते तुटलंच. घरं दोन गल्ल्यांवर, पण वर्षानुवर्षं कुणी कुणाचा उंबरा ओलांडला नाही.

मग थोरली जाऊ न्हाणीघरात पडली. खुब्याचं हाड मोडलं. थोरले दीर केव्हाच वारले होते, मुलगा परदेशी. कामाला ठेवलेली प्रत्येक बाई तिच्या जिभेला कंटाळून पळाली. दुपारच्या जेवणाला नवऱ्यानं हे सांगितलं आणि ताटात बघत राहिला.

"म्हणजे मी जाऊ म्हणता?"

"मी कुठं म्हटलं? मला वहिनीला आंघोळ घालता येत नाही, एवढंच सांगतोय."

ती शिलाई मशीनपाशी प्रार्थनेला बसली. "प्रभू, माझा तुझ्यावर..." पुढं शब्दच फुटेना. वैऱ्याशीही मायेनं वागा, हे त्याचं सांगणं तिनं कितीदा तरी मोठ्यानं वाचून दाखवलं होतं. वैरी म्हटलं की तिच्या डोळ्यांपुढं कुणीतरी लांबचा, तलवारवाला यायचा. जाऊ कधी आली नव्हती. आता रडू येईल, मन मऊ होईल, म्हणून ती थांबली. काही झालं नाही. शेवटी उठली आणि मापाची टेप गळ्यात तशीच ठेवून निघाली.

जावेनं पलंगावरूनच विचारलं, "मेले की नाही ते बघायला आलीस?"

"आंघोळ घालायला आलेय."

"दया आली होय माझी?"

"नाही आली. मायाही नाही, जाऊबाई, खोटं कशाला बोलू? प्रभूवर आहे. त्यानं सांगितलंय म्हणून आले."

"मग त्यालाच घाल जा आंघोळ!"

शिवणकाकूला अशा वेळीही हसू फुटलं. ते गिळून तिनं पाणी तापत ठेवलं.

मग रोजचंच झालं. मळलेल्या चादरी, पाठीवर उठलेले लाल चट्टे, वरून टोमणे. सगळं करायची, पण मन कोरडं ठाक. आणि चर्चमध्ये गातानाही डोळे ओले होईनात, तेव्हा मात्र ती घाबरली.

"आधी माझं देवावर किती प्रेम होतं," ती चर्चच्या पाळकांना म्हणाली. "आता नुसतं काम उरलंय."

"सोडून द्यावंसं वाटतं?"

"वाटतं की. रोज."

"मग जाता कशाला?"

"त्याला नाही म्हणवत नाही हो."

घरी परतताना आपलंच वाक्य तिला पुन्हा पुन्हा ऐकू येत राहिलं.

थंडीतली एक सकाळ. खुर्चीवर बसवून ती जावेचे केस धूत होती. जावेनं मधेच विचारलं,

"आईंनाही असंच न्हाऊ घालायचीस?"

शिवणकाकूचा हात थबकला. इतक्या वर्षांचा राग असा उसळून आला की हातातला तांब्या आपटावा.

"हो," ती म्हणाली.

"बरं वाटत असेल त्यांना," जाऊ हळूच म्हणाली आणि तिनं मान खाली घातली. तिचे खांदे हलत होते.

माफी म्हणावी असं त्यात काही नव्हतं, आणि पुढंही जावेनं ती कधी मागितली नाही. शिवणकाकूनं तांब्या पुन्हा भरला. पाणी ओतताना तिच्या लक्षात आलं, साबण डोळ्यांत जाऊ नये म्हणून आपण जावेच्या कपाळावर हात आडवा धरलाय. हे कुणी सांगितलं नव्हतं.

"मान जरा मागं करा," ती म्हणाली.