सागाचा सोट

पासलीच्या चिमाजीला आपल्या बैलांपुढं दुसरं काही दिसत नसे. त्यातही सारंग्या म्हणजे त्याचा जीव की प्राण. आणि पस्तीस सालच्या उन्हाळ्यात नेमका या सारंग्याचाच खांदा सुजला.

झालं होतं असं, की घराचं आढं, छपराचा मधला मोठा वासा, मोडलं. मुलगा कोंडिबा तेव्हा खालीच होता. तो वाचला, पण मोडलेला पाय बांधून पडून राहिला. छप्पर उघडं आणि मृगाला आठ दिवस. नव्या आढ्यासाठी वर्षभर वाळवलेला सागाचा सोट वरच्या माळावर होता. चिमाजीनं त्याला साखळी लावली, सारंग्या-पवळ्याची जोडी जुंपली आणि दिवसभर हाकली. सोट सरकला चार हात. सारंग्याच्या खांद्यावर मात्र मूठभर गाठ आली.

"आणखी एक दिस असा जुंपलास तर खांदा फुटंल," जनावरांचं औषधपाणी करणारा कुंडलिक म्हणाला. "मग ह्यो बैल परत जू घेणार न्हाई."

बाकीचं गाव आपापली घरं शाकारण्यात गुंतलेलं. बैल राखावा तर छप्पर जातं, छप्पर राखावं तर बैल. चिमाजी अंगणात डोकं धरून बसला.

त्या घरात सून सासऱ्याशी थेट बोलत नसे. सून फुलाबाई पदर पुढं ओढून सासूला सांगायची, सासू रतनबाई नवऱ्याला सांगायची. तिघं एकाच अंगणात उभी असली तरी निरोप रतनबाईच्या तोंडूनच जायचा.

"आत्याबाई," फुलाबाई म्हणाली, "मामंजींना म्हणावं, बैल कमी पडत न्हाईत. सोटाला भुईनं धरलाय."

"ती म्हणती, भुईनं धरलाय."

"ऐकलं म्या. तिला म्हणावं, भुईला काय हात हायेत का?"

फुलाबाईचं माहेर सारोळ्याचं, नीरेच्या काठावरचं. डागडुजीसाठी नाव काठावर ओढून घेताना तिनं लहानपणापासून पाहिलं होतं. ती म्हणाली, सोटाचं तोंड मातीत रुतलंय, साल खरबरीत, भुईही खरबरीत. दोन्ही एकमेकांत अडकून बसतात. पहिला हिसका सगळ्यात जड, कारण तेव्हा अडकलेलं सोडवायचं असतं. घासत नेऊ नये, घरंगळत न्यावं.

हे सगळं रतनबाईनं पुन्हा एकदा सांगितलं. चिमाजीनं ते दोनदा ऐकलं आणि एकदाही पटलं नाही. पण दुसरा उपाय तरी कुठं होता?

सकाळी तिघं माळावर गेली. चिमाजीनं पहारेनं सोटाचं तोंड उचललं आणि फुलाबाईनं खाली साल सोललेल्या गोल फांद्या आडव्या सारल्या. सोटाच्या शेपटाला तिनं एक लांब दोरही बांधला. सारंग्याच्या खांद्यावर गोधडीची घडी ठेवून जोडी जुंपली. बैलांना हाकण्याआधी चिमाजीनं उगीच, सुनेची फजिती बघायची म्हणून, सोटाला मागून हातानं रेटलं.

सोट हलला.

चिमाजीनं हात मागं घेतला आणि तळव्याकडं बघितलं. बैल हौसेनं चालल्यासारखे निघाले. मागं सुटलेली फांदी रतनबाई उचलायची आणि पळत पुढं आणून टाकायची. काल चार हातांना दिवस लागला होता, आज अर्धा माळ न्याहारीच्या आत मागं पडला. 'पोरीला डोकं हाय,' चिमाजीच्या मनात आलं. तोंडावर मात्र त्यानं काही दिसू दिलं नाही.

पण नवं शिकलेल्या माणसाला दम निघत नाही. माळ संपून घराअलीकडच्या डोहाकडचा उतार लागला, तशी चिमाजीनं हौसेनं तिथंही फांद्या टाकल्या. माळावर इतकं सोपं, मग उतारावर तर काय विचारायलाच नको. बैल पुढं उतारावर उतरले.

फुलाबाईनं ते बघितलं आणि शेपटाचा दोर जवळच्या जांभळाला वेढायला घेतला. निरोप द्यायला रतनबाई जवळ नव्हती, फांद्या गोळा करत ती शंभर पावलं मागं राहिली होती. सोटाचं तोंड उतारावर झुकलं.

"मामंजी, थांबा. साखळी सोडा."

सुनेचा आवाज असा थेट अंगावर आलेला चिमाजीनं सहा वर्षांत ऐकला नव्हता. तो इतका चपापला की काही न विचारता त्यानं आकडा काढला आणि बैल बाजूला ओढले. तेवढ्यात सोट निसटला. पण फुलाबाईनं त्याच्या शेपटाचा दोर जांभळाच्या बुंध्याला तीन वेढे घालून धरला होता. दोर करकरला, सालीतून धूर निघाल्यागत वास आला आणि एवढा मोठा सोट एका बाईच्या हातात थांबला. बैल मघाशी उभे होते त्या जागेच्या तो चार पावलं पुढं गेला होता. सारंग्याचे पाय तिथं असते तर मोडलेच असते.

जे घासणं माळावर नको होतं, तेच आता बुंध्याभोवती दोराला धरून होतं. चिमाजीनं सोटाखालच्या फांद्या काढल्या. फुलाबाई वितीवितीनं दोर सोडत गेली आणि सोट शहाण्यासारखा डोहात उतरला.

पलीकडच्या काठावरच घर होतं. चिमाजीनं सोटाच्या मधोमध दोर बांधला, बैल घेऊन तिघं वळसा घालून पलीकडं गेली आणि तो तिथून ओढू लागला. सोट तरंगत होता, खाली भुई नव्हती, तरी तो येईना. जोर लावावा तसं पाणी त्याच्यापुढं फुगायचं.

"अगं, तिला म्हणावं..." त्यानं बायकोकडं बघत सुरुवात केली आणि मध्येच थांबला. मग तो सुनेकडं वळला.

"फुलाबाई, आता का जड लागतंय?"

फुलाबाईनं पदर सारखा केला. "आडवा हाय, मामंजी. समद्या अंगानं पाणी ढकलतोय. टोकाला दोर बांधा. टोक पुढं आलं की पाणी दोन्ही अंगानं निघून जाईल."

चिमाजीनं पाण्यात उतरून तसं केलं. सोट वळला आणि एका हाताच्या ओढीनं पाणी कापत आला. काठाशी सारंग्या निवांत पाणी पीत होता. त्याच्या खांद्यावरची गाठ कालच्यापेक्षा वाढली नव्हती.

"म्हंजी आता माझी गरज सरली," रतनबाई म्हणाली. रागानं नव्हे, पण थोडं तसंच.

"सरतीय कशी?" चिमाजी म्हणाला. "गावात जाऊन समद्यांना सांग, आढं कुणी आणलं ते."

रतनबाईनं सुनेच्या ओल्या हातांवर उठलेले दोराचे वळ बघितले, आणि तो निरोप घेऊन ती गावाकडं निघाली.