सतरा नंबरची खोली

ही गोष्ट तुम्हाला पटणार नाही, हे आधीच सांगून ठेवलेलं बरं. ज्याला ज्याला सांगितली, त्याने 'हो का?' म्हणून विषय बदलला. समुद्रापलीकडच्या एका पोरीची करंगळी दुखत होती आणि ते तिच्या बापाला फोनवर ऐकू आलं, असं सांगितल्यावर कोण विश्वास ठेवणार? नका ठेवू. ऐका मात्र.

करंगळी होती धाकटीची. तीन भावंडांत शेवटची, म्हणून धाकटी. वडील पियानोचे सूर जुळवून देणारे. कान असा तिखट, की तीन घरं सोडून नळ गळायला लागला की जेवता जेवता सांगायचे, "कोमल गंधारात गळतोय." शेजारी शरमेने प्लंबर बोलावून आणायचे.

अशा घरातली पोर व्हायोलिन घेऊन संगीत-नृत्याच्या एका बड्या परदेशी संस्थेत निवडली गेली. नऊशे जणांतून चार. आत्याने ते गल्लीत सांगताना नव्वद हजारांतून एक केलं, आणि कोणी हरकत घेतली नाही.

संस्थेच्या तळघरात रियाजाच्या तीस खोल्या आणि वर चारशे विद्यार्थी. नियम असा, की दारावर नावाची चिठ्ठी लावून आत बसायचं. वेळ संपली की बाहेर ताटकळणारा दोनदा टकटक करणार. आणि दहा मिनिटांपेक्षा जास्त कोणी बाहेर दिसलं, की चिठ्ठी फाडून दुसरा आत. त्यामुळे तिथे कोणी पाणी पीत नसे, कारण प्यायलेलं पाणी पुढे घात करतं. एक तुतारीवाला म्हणे गुळगुळीत चेहऱ्याने आत गेला आणि दाढी घेऊन बाहेर आला. धाकटीची खोली सतरा नंबरची. इतकी अरुंद, की व्हायोलिनचा गज भिंतीला लागायचा. आधीच्यांच्या गजांनी तिथे बोटभर चर पाडला होता. पहिल्या महिन्यात प्रत्येक टकटकीला तिचं काळीज उडायचं. पुढे पुढे ती ऐकूच येईनाशी झाली. तळघरात सगळ्यांचंच तसं व्हायचं.

थंडी सरता सरता डाव्या हाताची करंगळी ऐकेनाशी झाली. तारेवर टेकवली की कोपरापर्यंत कळ जायची.

"काय झालं गं?" वसतिगृहाच्या खोलीतल्या दुसऱ्या पलंगावरच्या मुलीने विचारलं. ती नाचणारी. दात घासतानासुद्धा एका पायावर उभी, म्हणून धाकटीने तिला बगळी नाव ठेवलं होतं.

"काही नाही. हात ठणकतोय."

"वेडी आहेस? इथे ठणकतंय म्हणायचं नसतं. आज जरा अंग आखडलंय म्हणायचं." बगळीने पायावरची पट्टी सोडली. अंगठ्याला नख नव्हतं, शेजारच्या बोटालाही नव्हतं. "माझंसुद्धा आखडलंय बघ."

संस्थेच्या डॉक्टरीणबाईंनी मनगट दाबून पाहिलं. "सहा महिने वाद्याला शिवायचं नाही. नाही ऐकलंस तर या हाताने पुढे पेला धरता येईल, सूर नाही धरता येणार. नोंद करू?"

नोंद केली की वर्ष गेलं. वर्ष गेलं की जागा गेली. आणि परदेशी विद्यार्थ्याचा राहण्याचा परवाना त्या जागेलाच बांधलेला. वार्षिक परीक्षेला सात आठवडे उरले होते.

"नोंद नको. जरा अंग आखडलंय, एवढंच."

"सगळ्यांचं आखडलेलंच असतं," म्हणत बाईंनी पेनाला टोपण लावलं.

मग धाकटीने करंगळीचं काम बाकीच्या तीन बोटांवर टाकलं. शिक्षिका म्हणाल्या, "भित्र्यासारखं वाजवतेयस." धाकटीने मान डोलावली आणि सतरा नंबरमध्ये आणखी दोन तास वाढवले.

राहता राहिला रविवार. लहानपणापासूनचा रिवाज होता, रविवारी सकाळी वडिलांना एक तुकडा वाजवून दाखवायचा. ते 'चढलं' म्हणायचे किंवा 'उतरलं' म्हणायचे. काहीच बोलले नाहीत तर चांगलं झालं समजायचं. आता फोनभोवती आई, दादा, आत्या असे सगळे कोंडाळं करून बसायचे. आणि तीन बोटांचं वाजवणं त्या कानापुढे नेण्याची धाकटीची छाती होईना.

तिच्याकडे पानगळीच्या दिवसांतलं एक रेकॉर्डिंग होतं. हात धड असतानाचं, सतरा नंबरमधलं. तिने कॅमेरा बिघडल्याचं सांगितलं, ते रेकॉर्डिंग लावलं आणि फोन स्पीकरपुढे धरला.

वडील काही बोलले नाहीत. तिला हायसं वाटलं. पुढच्या रविवारी तेच. "परीक्षेचा तुकडा आहे, हाच घोटावा लागतो," असं तिने सांगून टाकलं. तिसऱ्या रविवारीही ते गप्प. तीन रविवारांची शाबासकी तिने पदरात बांधली.

चौथ्या रविवारी सकाळी तिला सदऱ्याचं बटण लावता येईना. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट, दोन्ही लाकडासारखी झाली होती. बगळीने बटणं लावून दिली.

धाकटीने फोन लावला. रेकॉर्डिंग वाजलं, संपलं.

"काय गोड वाजवलंस गं!" आत्या म्हणाली. "डोळ्यांत पाणी आणलंस मेले!"

वडील खाकरले. "धाकटे, तुझ्या दारावर टकटक करणारा मोठा गुणी माणूस आहे."

"कोण, बाबा?"

"तू वरचा सूर लांबवतेस ना, तिथे तो दोनदा वाजवतो. एक हलकी, एक जड. चार रविवार झाले, त्याच जागी. अर्धी मात्रा इकडे नाही की तिकडे नाही."

टकटक? त्या रेकॉर्डिंगमध्ये तिने तर ती कधीच ऐकली नव्हती.

"इथली माणसं... फार वक्तशीर आहेत, बाबा."

दादा हसला. आत्याही हसली.

"असतील," वडील म्हणाले. "पण तू नाहीस. एक तुकडा दोनदा सारखा वाजवलाय का कधी जन्मात? खोटं बोलतेयस तू. हे यंत्र वाजतंय. तुझ्या हाताला काय झालंय?"