दर रविवारी पाच ग्रॅम

काटेसाहेबांनी एकतीस वर्षं ट्रक तोलले. महामार्गालगतच्या वजनकाट्यावर बसून त्यांनी सगळ्या लबाड्या पाहिल्या होत्या. कुणी रिकामी गाडी तोलताना पाण्याचं पिंप आत ठेवायचा, कुणी क्लीनरला मागच्या चाकावर उभा करायचा. निवृत्त झाले, बायको गेली, आणि ते लेकीकडे राहायला आले. आले म्हणजे आणले. मागच्या खोलीत एक खाट, एक स्टूल आणि चहाचा कप दाराशी ठेवायची सोय.

जावयाचं टायरचं दुकान. पंक्चर, हवा, चाकांचं बॅलन्सिंग. रविवारी मात्र त्याला एकच नाद, रिमोटवरचं ग्लायडर. नाकात चिमुकली मोटर असलेलं लांब पंखांचं विमान. तीस सेकंद मोटर चालवून वर न्यायचं, मग मोटर बंद. पुढे ते नुसत्या पंखांवर जितका वेळ तरंगेल तितकी त्याची लायकी. आमच्या क्लबात उडवण्याआधी प्रत्येक विमानाचं वजन करायचं आणि उतरल्यावर वेळ लिहायची असा नियम आहे. दोन्ही आकडे मी लिहितो. मला स्वतःला विमान उडवता येत नाही. पण दुसऱ्याचं किती वेळ उडलं हे चारचौघांत मोठ्यानं वाचण्यात जे सुख आहे, ते उडवण्यात नसावं.

टायरवाल्याचं नवं विमान पहिल्या दिवशी सातशे बेचाळीस ग्रॅम भरलं आणि पाच मिनिटं दहा सेकंदांत गवतात येऊन बसलं. काटेसाहेब घडीच्या खुर्चीतून उठले आणि त्यांनी विमानाच्या नाकावर टकटक केली.

"जावईबापू, ह्यात काय आहे?"

"शिसं आहे मामा, तोल राहायला. कंपनीनंच घातलंय."

"कंपनीनं घातलं म्हणजे काय देवानं घातलं? बॅटरी दोन बोटं पुढे सरकवा, तोल तीच राखेल. ह्या फुकट्या प्रवाशाला खाली उतरवा."

आम्ही हसलो. पुढच्या रविवारी फुकट्या उतरला होता आणि विमान अर्धा मिनिट जास्त टिकलं. मग कोणी हसलं नाही.

पुढचे सहा आठवडे म्हातारा पेटलाच. शेपटीकडे जाणाऱ्या जाड वायरी काढून त्यानं बारीक घातल्या. "शेपटीतला एक ग्रॅम गेला की नाकातले तीन वाचतात," असं तो मला बजावायचा, जणू मीच शेपटीत बसलो होतो. पंखाच्या पुढच्या कडेवरचे रंगाचे पोपडे घासून काढले. बिजागरीच्या फटीतून हवा गळत होती, तिथे पारदर्शक पट्टी चिकटवली. मोटर बंद झाल्यावर प्रोपेलरची पाती अंगाला नीट मिटत नव्हती, ती कानशीनं घासून मिटवली. सहाव्या रविवारी माझ्या वहीत आकडे पडले: सहाशे एकतीस ग्रॅम, सात मिनिटं चोवीस सेकंद. टायरवाल्याने सासऱ्याला कडकडून मिठी मारली. लेक डोळे पुसत होती. घरी आता चहा दाराशी येत नव्हता. चहाला हाक येत होती.

त्याच दिवशी वहीत सही करता करता टायरवाला मला म्हणाला, "वहीवाले, दोन महिन्यांत नव्या जागेत जातोय. दोनच खोल्या आहेत हो. मामांसाठी एक ठिकाण बघून ठेवलंय. चांगलं आहे, डॉक्टर येतो आठवड्याला. पण म्हटलं, आधी विमान पुरं होऊ दे. तोवर काही त्यांना हलवत नाही. अजून कमी होईल ना?"

काटेसाहेब चार हातांच्या अंतरावर बसून पंख पुसत होते. त्यांना कमी ऐकू येतं असं घरात ठरलेलं होतं. त्यांनीही कधी हरकत घेतली नव्हती.

पुढच्या रविवारी विमान सहाशे बाहत्तर भरलं.

"वाढलं?" टायरवाल्याचा चेहरा उतरला.

"पंखाच्या मुळाशी भेग होती, जावईबापू. हवेत पंख मोडला असता. आतून रेझिन भरलंय. आता घासून घासून कमी करायचं. घाईचं काम नाही. दोन महिने धरा, तीन धरा."

"तीन तर तीन. पण पुरं झालं पाहिजे."

"होईल की."

विमान साडेसहा मिनिटांत खाली आलं. नंतर मात्र पुन्हा सुधारणा दिसू लागली. सहाशे सदुसष्ट. सहाशे बासष्ट. सत्तावन्न. बावन्न. सत्तेचाळीस. वेळ थोडी थोडी वाढत होती, टायरवाला खूश होता, दोन महिने सरत आले होते. नव्या घरात मामांची खाट बाल्कनीत बसेल का, असं लेकीनं नवऱ्याला विचारल्याचं मी ऐकलं. "बघू, बसेलही," असं तो म्हणाल्याचंही.

आता माझी जीभ. बायको म्हणायची, तुमच्या तोंडात तीळ भिजत नाही. मला वाटायचं तिला हिशेब कळत नाही. त्या रविवारी सत्तेचाळीस लिहून झाल्यावर मी वही मागे चाळली, आकडे एकाखाली एक पाहिले आणि मला विनोद सुचला.

"काय हो काटेसाहेब," मी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालो, "तुमचा सँडपेपर मोजून जेवतो की काय? दर रविवारी बरोबर पाचच ग्रॅम! ना चार, ना सहा!"

लोक हसले. काटेसाहेब नाही हसले. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं ते पिंप लपवणाऱ्या ड्रायव्हरकडे पाहत असतील. आणि टायरवाला काट्यावरच्या विमानाकडे बघत राहिला.

पाच ग्रॅम म्हणजे काय हे मैदानावर त्याच्याइतकं कोणाला ठाऊक असणार? दिवसभर तो तेच करतो. चाक डगमगलं की शिशाची चिकटपट्टी घ्यायची, तिच्यावर पाच पाच ग्रॅमचे तुकडे पाडलेले असतात, हवे तेवढे तोडायचे, रिमला चिकटवायचे.

त्यानं खिशातून पेचकस काढला, चार स्क्रू फिरवले, पंख उचलला. पंखाच्या बरोबर खाली, जिथं तोल बिघडत नाही अशा जागी, फोमचा चौकोन चिकटवलेला होता. तो नखानं सोलला. खाली तीन तुकडे, ओळीनं. शेजारी पाच तुकड्यांच्या गोंदाच्या खुणा.

"हे आमच्या दुकानातलं आहे," तो म्हणाला.

ओरडला असता तर बरं झालं असतं.

"अहो, त्यांना..." लेक पुढे झाली.

"मी काही म्हटलं का?" त्यानं तुकडे एकेक करून काढले आणि माझ्या टेबलावर ठेवले. पंख बसवला, विमान पुन्हा काट्यावर ठेवलं. चष्मा कपाळावर असून मला आकडा दिसेना. काटेसाहेबच वाकले, त्यांनीच वाचला. "सहाशे एकतीस. लिहा, वहीवाले. काट्यावर आलेलं लिहायचं असतं." आवाज कचेरीतला होता.

विमान वर गेलं. मोटर बंद झाली. फार सुंदर तरंगलं. सात मिनिटं सव्वीस सेकंद, आजवरची सर्वांत चांगली वेळ. टायरवाल्यानं ते अलगद उतरवलं, काखेत धरलं आणि सासऱ्यासमोर येऊन उभा राहिला.

"झालं की हो मामा," तो म्हणाला. "पुरं झालं."

लेक थर्मासचं झाकण लावत राहिली. ते केव्हाच लागलेलं होतं.

महिन्याभराने मी त्या चांगल्या ठिकाणी गेलो. डॉक्टर खरंच आठवड्याला येत होता. काटेसाहेब लांब व्हरांड्यात बाकावर बसले होते. माझ्या हातात वही दिसल्यावर सरकून त्यांनी जागा केली. राग नव्हता, असला तरी तोलून ठेवलेला होता.

"आपण होऊन रोग पुरता बरा करणाऱ्या वैद्याइतका मूर्ख कोणी नसतो," ते म्हणाले. "मी शहाणपणा उशिरा केला. आणि तो तुम्ही मोजलात. किती येतंय आता?"

"मागच्या वेळी सहा मिनिटं बावन्न."

"वजन?"

"तेच. सहाशे एकतीस."

त्यांचे डोळे लकाकले. "मग बिजागरीवरची पट्टी सुटली. उन्हानं सुटते. मी नंतर बदलून मुद्दाम साधीच लावली होती. म्हटलं, दोन-तीन महिन्यांनी विचारायला यावं लागेल." मग हळूच, "विचारत होता का काही?"

मी वहीत बघितल्यासारखं केलं. "ते विमान त्यानं दुकानात टांगलंय आता, शोभेला. नवं घेतलंय. परवा पहिल्यांदा तोललं."

"किती?"

"सातशे अडतीस."

"नाकात शिसं असणार," काटेसाहेब लगेच म्हणाले. माझ्या मनगटावर त्यांनी हात ठेवला, चांगला घट्ट. "सांगू नका हं त्याला. एवढं तरी सांगू नका. येऊ दे त्याला विचारायला."

मी नाही सांगितलं. आयुष्यात पहिल्यांदा माझ्या तोंडात तीळ भिजला. नवं विमान दर रविवारी पाच मिनिटं आणि वर काही सेकंद उडतं, मी लिहितो, टायरवाला सही करतो, आणि म्हणतो, "चालायचंच."