हवा गार, गर्दी नाही

भीमेच्या अलीकडे शिरूर आणि पलीकडे दौंड, अशा आमच्या पट्ट्यात माणूस गाव सोडून चार दिवस बाहेर जातो तो दोनच कारणांनी: देव नाहीतर मत. देवाचं सगळ्यांना कळतं. मताचं असं, की ग्रामपंचायतीत अविश्वास ठराव येणार अशी कुणकुण लागली की आपले सदस्य फुटू नयेत म्हणून पुढारी त्यांना गाडीत घालतात आणि लांब कुठंतरी नेऊन ठेवतात. याला सहल म्हणतात. पेपरात ‘सदस्य अज्ञात स्थळी रवाना’ असं छापून येतं. अज्ञात स्थळी सकाळी पोहे असतात, संध्याकाळी मटण असतं आणि मोबाईल पुढाऱ्याच्या पिशवीत असतात. तिसरं कारण, म्हणजे नवरा-बायकोनं नुसतंच हवा खायला जाणं, आमच्याकडे अजून रुजलेलं नाही. बेलाचीवाडीच्या सुलक्षणाबाईंनी ते रुजवायचा प्रयत्न केला, त्याची ही हकीकत.

बेलाचीवाडी मांडवगण फराट्याच्या पुढं, नदीकाठाला. सुलक्षणाबाई तिथल्या ग्रामपंचायत सदस्य. नवरा इंद्रजीत ऊस लावतो आणि माणसं जोडतो. दोन्हींना पाणी भरपूर. त्याच्या स्वभावात एकच खोट: गाडीतली सीट रिकामी राहिलेली त्याला बघवत नाही. लग्नानंतर दोघं महाबळेश्वरला गेली तेव्हा जीपमध्ये सासूबाई होत्या, चुलतसासू होत्या, दोन नणंदा होत्या आणि वाईच्या दवाखान्यात जायचं म्हणून बसलेले एक गृहस्थ होते. ते वाईला उतरलेच नाहीत. ‘आता एवढं आलोच हाय तर वरचंबी बघतो’ म्हणाले. नवदांपत्याच्या फोटोत ते मधोमध आहेत.

पुढची चोवीस वर्षं अशीच भरल्या गाडीतून गेली. मुलगी तेजश्री शिकून पुण्यात नोकरीला लागली, त्या उन्हाळ्यात सुलक्षणाबाईंनी जाहीर केलं.

“अहो, यंदा कुठंतरी फिराया जायाचं. दोघंच.”

“दोघंच म्हंजी?”

“म्हंजी तुम्ही आन् मी.”

“बरं. माझ्या शेजारी कोण बसणार?”

“मी.”

इंद्रजीतनं जरा हिशेब केला. “आन् मागं?”

“मागं पिशवी. आन् सांगून ठेवते, तिसरं माणूस गाडीत बसलं तर मी हाय तिथं उतरणार. घाट असू दे न्हाईतर टोलनाका.”

जायचं कधी, हे सुलक्षणाबाईंनी आधीच काढून ठेवलं होतं. मे महिन्यात सगळी दुनिया डोंगरावर असते. जूनच्या पहिल्या आठवड्यात मात्र शहरवाले वह्या-पुस्तकांच्या दुकानात असतात, गाववाले बियाण्याच्या दुकानात असतात, आणि पाऊस अजून वाटेत असतो. उन्हाळ्याच्या या शेपटाकडे कुणाचंच लक्ष नसतं. प्रश्न होता जागेचा. अटी तीन: हवा गार, गर्दी नाही, ओळखीचं कुणी नाही.

“महाबळेश्वर?” इंद्रजीत म्हणाला.

“तिथल्या बाजारात नुसतं उभं ऱ्हायलं तरी आपली मासिक सभा भरंल.”

“कोकण?”

“घाम पुसायला एवढ्या लांब कशाला? हितं येतोय की.”

“भंडारदरा?”

“तिथं काजवं बघाया समदं पुणं लोटतं. काजव्यापरीस टॉर्च जास्ती.”

“मग माथेरान. तिथं गाडीच वर जात न्हाई. मागच्या सीटचा प्रश्नच मिटला.”

“मिटला. पण तुम्ही घोड्यावर मागं कुणालातरी घ्याल.”

इंद्रजीतनं माथेरानही यादीतून खोडलं.

असं महिनाभर चालल्यावर जागा सापडली. साताऱ्याच्या पलीकडे, डोंगरमाथ्यावर वारंजमाळ नावाचं टिचभर गाव. एक तळं, एक देऊळ, आणि पाच खोल्यांचं एक घर, ज्याच्या मालकानं हौसेनं बाहेर ‘होमस्टे’ अशी पाटी लावली होती. फोन केला तेव्हा तो म्हणाला, “जूनमध्ये? कशाला?” सुलक्षणाबाईंनी तिथंच खोली पक्की केली.

घरात सासूबाईंना, म्हणजे साळूबाईंना, खुटबावला मालनमावशीकडे जातो असं सांगितलं. दोघं उजाडायच्या आत निघाली. दोघांचे फोन बंद करून डिकीत. राहू गावच्या चौकात ओळखीच्या एका गृहस्थांनी हात केला. इंद्रजीतचा पाय आपोआप ब्रेकवर गेला. सुलक्षणाबाईंनी दाराला हात घातला. पाय उचलला गेला. आयुष्यात पहिल्यांदा इंद्रजीत एका जिवंत, हात केलेल्या माणसाला रस्त्यात ठेवून पुढं गेला. चौफुल्यापर्यंत तो आरशात बघत होता, जणू गुन्हा करून पळतोय. मोरगाव ओलांडल्यावर तो शीळ घालायला लागला. नीरेला बायको हसली, आणि लोणंदपर्यंत दोघंही कारण नसताना हसत होती.

वारंजमाळला पोहोचली तर असा वारा, की सुलक्षणाबाईंचा पदर आणि इंद्रजीतची टोपी दोन वेगळ्या दिशांना निघाली. जूनमध्ये स्वेटर घालावा लागला. जाळीतून करवंदं तोडून त्यांनी पिशवी भरली आणि मागच्या सीटवर ठेवली. तळ्याच्या काठी एक बाक होता आणि त्यावर बरोबर दोन माणसांची जागा होती. इंद्रजीत बसला, शेजारच्या जागेकडे बघितलं, तिथं बायको होती.

“बरं वाटतंय की,” तो आश्चर्यानं म्हणाला.

इकडे बेलाचीवाडीत मात्र सरकार कोसळायला लागलं होतं.

सुरुवात राहूच्या गृहस्थांनी केली. त्यांनी गावात फोन करून एवढंच सांगितलं: “इंद्रजीतनं गाडी थांबवली न्हाई.” पारावर खल सुरू झाला. सूर्य पश्चिमेला उगवला असता तर लोकांनी ढगाळ हवेचं कारण दिलं असतं. पण इंद्रजीतनं गाडी थांबवली नाही, याला कारण देता येईना. साळूबाईंनी खुटबावला फोन लावला. मालनमावशी म्हणाल्या, “हितं कोण न्हाई आलं बया.” दोघांचे फोन बंद. सदस्य, पहाटे, पिशवीसह, फोन बंद. बेलाचीवाडीत शेंबड्या पोरालाही याचा अर्थ कळतो.

उपसरपंच हौसराव आबा पंधरा वर्षं पदावर होते. सुलक्षणाबाई त्यांच्या पॅनेलच्या. आबांनी ओळखलं, विरोधी पॅनेलच्या पृथ्वीराजनं आपला माणूस पळवला, अविश्वास येणार. त्यांनी उरलेले सदस्य तासाभरात गाडीत घातले. सदस्य म्हटले की त्यांच्या घरची माणसं आली, आणि घरची आली की शेजारची आली. पृथ्वीराजनं आबांच्या गाड्या निघताना बघितल्या आणि ओळखलं की आबांची सहल सुरू झाली. म्हणजे पुढचा घाला आपल्या सदस्यांवर. त्यानंही गाड्या काढल्या. ठराव कुणी मांडला होता? कुणीच नाही. पण दोन्हीकडची एवढी तयारी बघून तो आला नाही असं म्हणायची कुणाची छाती होईना.

आता जायचं कुठं? आबा म्हणाले, जिथं कुणी हुडकणार नाही तिथं. ओळखीचं माणूस नको. गर्दी नको. आणि म्हातारी माणसं आहेत, तेव्हा हवा गार पाहिजे. पृथ्वीराजनंही आपल्या पोरांना हेच सांगितलं. जी जागा शोधायला सुलक्षणाबाईंना महिना लागला, ती दोन्ही पॅनेलांनी अर्ध्या तासात शोधली. त्यांना सराव होता.

दुपार कलताना तळ्याच्या काठी दोघं बसली होती. इंद्रजीत बायकोला काहीतरी सांगणार होता. काय ते त्यालाही अजून ठरवता आलेलं नाही, कारण तेवढ्यात वळणावर हॉर्न वाजला आणि एकामागून एक गाड्या वर आल्या. पहिल्या गाडीतून कानटोपी घातलेले हौसराव आबा उतरले, आणि पळवलेला आपला सदस्य समोरच बघून चमकले.

“सूनबाई! घाबरू नका. आम्ही आलोय. खरं सांगा, कुणी आणलं तुम्हाला हितं?”

“ह्यांनी.”

“ते दिसतंय. ह्यांना कुणी सांगितलं?”

“मी.”

“आन् तुम्हाला?”

“आबा, आम्ही हवा खायला आलोय.”

आबांनी उभ्या हयातीत पुष्कळ फुटलेले सदस्य बघितले होते. कुणी आजारी मावशी पुढं करायचं, कुणी नवस. इतकी कच्ची सबब त्यांना कुणी दिली नव्हती. सबब एवढी कच्ची, म्हणजे डाव फारच मोठा असणार, असं त्यांनी मनाशी नोंदवलं.

तोवर पृथ्वीराजच्या गाड्या आल्या. त्यानं उतरताच हात जोडले.

“वहिनी, किती दिवस डांबून ठेवलंय आबांनी तुम्हाला?”

“मी ठेवलंय?” आबा कडाडले. “तूच आणलंयस तिला!”

“मी आणली असती तर तुमच्या मागनं कशाला आलो असतो? आधी आलो नसतो का!”

“ते दाखवायलाच तू मागनं आला!”

या बिनतोड युक्तिवादावर दोन्हीकडच्यांनी माना डोलावल्या. दरम्यान गाड्यांतून गाव उतरत होतं. साळूबाई भाकरीचं गाठोडं घेऊन उतरल्या, सुनेला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि म्हणाल्या, “मालन आता हितं ऱ्हाया आली व्हय गं?” त्यांच्या मागून राहूच्या चौकातले ते गृहस्थही उतरले. इंद्रजीतच्या खांद्यावर हात ठेवून ते म्हणाले, “तवाच थांबला असता तर एका गाडीचं डिझेल वाचलं असतं का न्हाई?”

होमस्टेच्या मालकानं हात जोडून विचारलं, “लग्न कुणाचं हाय?”

खोल्या पाचच होत्या. बायका एका बाजूला, बाप्ये दुसऱ्या बाजूला. सुलक्षणाबाईंनी पक्क्या केलेल्या खोलीत कानटोपीसह हौसराव आबा गेले, कारण तिथली हवा चांगली होती. बाकावर राहूचे गृहस्थ आणि आणखी तिघं बसली. सुलक्षणाबाईंच्या वाट्याला चुलीपुढची जागा आली, आणि शेजारी रस्सा ढवळायला माया. माया आबांच्याच पॅनेलची सदस्य. तिचा नवरा नवनाथ रांजणगावच्या कंपनीत शिफ्टला होता, म्हणून तिला एकटीलाच उचलून आणलं होतं.

“ताई, पॅनेलचं ऱ्हाऊ द्या,” माया हळूच म्हणाली. “खरंच फिराया आलता?”

“खरंच.”

“दोघंच?”

“सकाळधरनं दुपारपतूर. दोघंच.”

माया पळी हातात धरून बघत राहिली. “आई शप्पथ! मग कसं वाटलं?”

सुलक्षणाबाईंनी चुलीतलं लाकूड पुढं सारलं. चोवीस वर्षांत एक अर्धा दिवस. “लई भारी वाटलं गं,” त्या म्हणाल्या. “पण आता कुठं जाऊ? जिथं जाईन तिथं ही वरात येणार. समदं गाव हितं हाय.”

एवढं बोलून त्या थांबल्या. चुलीकडे बघितलं. अंगणाकडे बघितलं. तिथं दोन्ही पॅनेलं, पारावरची मंडळी, भजनी मंडळाचा पेटीवाला, सगळे पानांवर बसत होते.

“माया.”

“काय ताई?”

“समदं गाव हितं हाय. मग गावात कोण हाय?”

मायानं पळी तोंडावर धरली, पण हसू फुटायचं ते फुटलंच. शेवटी साळूबाईंनी विचारलं की रश्श्यात काय पडलं.

पहाटे दोन्ही पॅनेलांचा पहारा होता. पण आबांची माणसं पृथ्वीराजच्या गाड्यांवर डोळा ठेवून होती आणि पृथ्वीराजची आबांच्या. इंद्रजीतची गाडी कुणाच्याच हिशेबात नव्हती. चालू न करता ती उतारावर सोडली, सुलक्षणाबाई चालत्या गाडीत चढल्या, आणि पहिल्या वळणापलीकडे गेल्यावर इंद्रजीतनं सवयीनं विचारलं, “मागं कोण हाय?”

“करवंदं.”

बेलाचीवाडीत पोहोचली तर पार रिकामा. चावडीला कुलूप. देवळाचा भोंगा गप्प. रस्त्यात एकच कुत्रं होतं, त्यानंही कुठं चाललाय असं विचारलं नाही. इंद्रजीतनं स्वतः चहा केला. साखर कुठं असते हे त्याला विचारावं लागलं, पण केला. दोघं पारावर बसली, जिथं सुलक्षणाबाई सून म्हणून आल्यापासून कधी बसल्या नव्हत्या. भर रस्त्यातून हातात हात घालून चालली. चावडीपुढं तर इंद्रजीतनं गिरकी घेतली, आणि कुणी बघितलं नाही म्हणून परत एकदा घेतली. ऊन उतरल्यावर बंधाऱ्याच्या भिंतीवर बसून दोघांनी पाण्यात पाय सोडले. भीमेवरून असा गार वारा सुटला की वारंजमाळनं मान खाली घालावी.

सुलक्षणाबाईंनी मुद्दाम फोन चालू केला. आबांच्या पिशवीतून गुपचूप काढलेल्या फोनवरून मायाचा निरोप आला होता: ‘ताई, सावकाश ऱ्हावा. आबा म्हणतात आधी पृथ्वीराज खाली उतरू दे, पृथ्वीराज म्हणतो आधी आबा. मटण चालू हाय.’

तेवढ्यात खुद्द आबांचाच फोन आला.

“सूनबाई, कुठं हायसा तुम्ही?”

“अज्ञात स्थळी, आबा.”

“पृथ्वीराजनं नेलं व्हय?”

“न्हाई. ह्यांनीच.”

आबांनी फोन दुसऱ्या कानाला लावला. मागून भांड्यांचा, पोरांचा, पेटीचा आवाज येत होता. मग आबांचा सूर एकदम मऊ झाला.

“हितं लई कालवा झालाय बघा. डोळ्याला डोळा लागला न्हाई. तिकडं हवा कशी हाय?”

“गार हाय, आबा.”

“आन् गर्दी?”

“अजिबात न्हाई.”

“मग आम्हालाबी सांगा की जागा! उद्या समद्यांना घिऊन येतो.”

इंद्रजीतनं जन्माच्या सवयीनं ‘या की!’ म्हणायला तोंड उघडलं. सुलक्षणाबाईंनी त्यात मूठभर करवंदं कोंबली आणि फोन बंद केला.