व्होल्टेज कमी हाय

"रंग लावलाय काय केसांस्नी?" राजेश्वरीनं विचारलं.

खुर्चीत बसलेल्या सुनयनानं तोंड उघडण्याआधीच तिची भावजय चंद्रा मागून म्हणाली, "छ्या ओ अक्का! आमच्या घरात कुणाला पांढरं न्हाईच. मामंजी गेले तवा पन डोस्कं काळंभोर, कावळ्यागत."

"कावळ्यागत," राजेश्वरीनं मान डोलावली. सुनयनाच्या कानामागं, थेट कातडीवर, एक काळा ओघळ वाळला होता. कावळा परवाच रंगवलेला दिसत होता, आणि तोही घाईघाईत.

जोयड्याच्या बसस्टँडमागं, मोबाईलच्या दुकानाला लागून राजेश्वरीचं पार्लर होतं. एक खोली, एक खुर्ची, आणि रामनगरहून नवऱ्याच्या माघारी ती घेऊन आलेला एक आरसा. या आरशासमोर तालुक्यातल्या बायका खोटं बोलत आल्या होत्या आणि राजेश्वरी ते मन लावून ऐकत आली होती. कुणाचं पांढरं भांगात आहे आणि कुणाचं कानशिलावर, हे तिला जिच्या तिच्या नवऱ्यापेक्षा पक्कं ठाऊक. म्हणूनच बाजारात गाठ पडली की याच बायका केळ्यांचा भाव विचारण्यात गढून जात. राजेश्वरीही त्यांच्याकडं बघत नसे. धंद्याची रीत.

तिच्या स्वतःच्या काळ्या केसांबद्दल कुणी विचारलं, तर ती म्हणे, "माझं बापावर गेल्यात." डायची पाकिटं मात्र ती जोयड्यात कधी घेत नसे. रामनगरच्या बाजारातून आणी, पिशवीच्या तळाला घालून, वर कोथिंबीर.

आता, रंगवलेल्या केसाला आच सोसत नाही. रंगानं आधीच त्याचं सत्त्व ओढलेलं असतं. त्यावर केस सरळ करायची इस्त्री कोऱ्या केसाला चालते तितकी तापवून फिरवली, की त्याचं गवत होतं. पण रंग लावलाच नाही म्हणणाऱ्या बाईला हे सांगायचं कसं? राजेश्वरीनं त्यावर एक तोड काढली होती. ती वरच्या बल्बकडं बघायची, चुकचुकायची आणि म्हणायची, "आज व्होल्टेज कमी हाय बगा. इस्त्री तापंना. हळूहळू घेऊ या." विजेसाठी बांधलेलं सुप्याचं धरण उशाला, आणि जोयड्याचा दिवा मिणमिणता, त्यामुळं या थापेवर शंका घ्यावी असं कुणाला वाटलंच नव्हतं. अर्धे दिवस तर ती खरीच असायची.

सुनयना गुंद गावची. चंद्राच्या नवऱ्याची, परशूची धाकटी बहीण. बाप अंथरुणाला खिळला तेव्हा ती लग्नाची होती. बाप गेला तेव्हा तिनं चाळिशी ओलांडली होती. मग परशूला एकदम आठवण झाली, की आपल्याला एक बहीण आहे. रामनगरच्या भांड्यांच्या दुकानदाराचं, यशवंतचं, बिजवराचं स्थळ आलं. मध्यस्थाला चंद्रानं वय तेहतीस सांगून टाकलं, आणि सांगितलेल्या वयाला शोभतील असे केस करणं ओघानंच आलं. आज दुपारी मंडळी बघायला यायची होती.

"तुला पसंत हाय न्हवं?" चंद्रा पाणी प्यायला बाहेर गेली तेव्हा राजेश्वरीनं हळूच विचारलं.

सुनयना आरशातच बघत म्हणाली, "हंडा घ्यायला त्येंच्या दुकानात गेलतो एकदा. बसाय स्टूल दिलं त्यांनी. बाचं दुखणं कसं हाय म्हणून इचारलं." मग म्हणाली, "मला कुणी बसाय देत न्हाई ओ अक्का."

राजेश्वरीनं तिच्या वेणीला हात घातला आणि हात तेलानं माखला.

"ह्ये काय?"

"खोबरेल," परत आलेली चंद्रा अभिमानानं म्हणाली. "वाटीभर जिरवलंय. शुभ कामाला निघताना डोस्कं कोरडं ठेवू नये."

"आगं, तेलावर इस्त्री म्हंजे केस तळायचं काम. ते काय पापड हायत?"

केस धुवावे लागले. पहिल्या पाण्यात तेल गेलं आणि दुसऱ्या पाण्याला शाईचा रंग आला. राजेश्वरीनं बादली न बघता मोरीत ओतली. चंद्राला तेवढ्या वेळात भिंतीवरच्या कॅलेंडरमधली संकष्टी सापडली आणि ती तिथंच रमली.

केस खडखडीत वाळल्याशिवाय राजेश्वरीनं इस्त्री हातात घेतली नाही. ओल्या केसात पाणी उकळतं आणि केस आतून फुटतो, हे तिला पक्कं ठाऊक. मग बोटांना सीरम चोळलं, इस्त्रीचं बटण खालच्या आकड्यावर ठेवलं, बारीक बट धरली आणि न थांबता एकदाच खाली ओढली.

"जरा वाकडंच ऱ्हायलं की," चंद्रा म्हणाली.

राजेश्वरीनं बल्बकडं बघितलं. "आज व्होल्टेज कमी हाय."

"कमी कुठलं? शेजारच्या मोबाईलवाल्याचा फ्यान बगा, पिसाळल्यागत फिरतोय."

बाहेर गुंदला फेऱ्या मारणाऱ्या विनोदच्या जीपचा भोंगा वाजला. गुंदची माणसं आत कोंबून बसली होती आणि त्यांचा धीर सुटत चालला होता. इस्त्री स्टँडवर ठेवून राजेश्वरी दारात गेली. "आलोच रे विनोद, पोरगीला बगायला माणसं येणारायत. जरा कळ काढ."

"त्या माणसांस्नी पन मीच आणायचंय अक्का!" विनोद ओरडला. जीपमधले हसले.

तेवढ्यात चंद्रानं बटण शेवटच्या आकड्यापर्यंत फिरवलं होतं. "दोसा उलटायचा तर तवा तापाय पायजे," असं म्हणत तिनं कानशिलाजवळची जाड बट चिमट्यात पकडली आणि चांगली दाबून धरली.

आधी चर्र आवाज आला. मग कोंबडी भाजताना पिसं जळतात तसला वास. राजेश्वरी धावत आत आली. बट इस्त्रीतच राहिली होती. सुनयनाच्या कानशिलावर नुसता खुंट उरला होता.

"आगं बाई! काय ही तुमची मशीन!" चंद्रानं इस्त्री टाकलीच. "पोरीचं वाटोळं केलंसा! आता काय दाखवू त्यास्नी?"

खरं काय ते सांगायला राजेश्वरीला एक वाक्य पुरलं असतं. ते ओठांपर्यंत आलंही. पण इतक्या वर्षांची सवय. तिनं इस्त्रीची वायर उपटली, बल्बकडं बघितलं आणि म्हणाली, "व्होल्टेज एकदम वाढलं आसंल."

"व्होल्टेजला कशाला नाव ठेवता?" सुनयना म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. "डाय हाय त्यो. परवा वैनीनं लावला."

"सुनयना!"

"आता न्हाई तर कवा सांगू वैनी? उरलेलं पन जाळून घेऊ व्हय?"

चंद्राला या वेळी कॅलेंडरमध्ये काही सापडलं नाही.

मग राजेश्वरीनं इस्त्री फळीवर ठेवून दिली आणि नुसता कंगवा घेतला. केस सैल ओढून खुंटावरून मागं नेले, खाली मानेवर खोपा बांधला, आणि चंद्रानं मंडळींपुढं माळायला आणलेली अबोलीची वेणी त्याभोवती फिरवली. सुनयनानं आरशात बघितलं. "आयगत दिसतो," ती म्हणाली.

"इस्त्रीसाठी आलाव नि खोपा बांधून चाललाव," चंद्रा जीपमध्ये चढता चढता कुरकुरली. "खोपा काय मला बांधता येत नव्हता?"

पुढं काय झालं ते राजेश्वरीला कुणी सांगायला आलं नाही. येतही नसत. लोकांच्या महत्त्वाच्या दिवसांची सकाळ तेवढी तिच्या वाट्याला यायची. दुपार नेहमी दुसऱ्यांची.

दोनेक महिन्यांनी ती रामनगरच्या बसमधून स्टँडवर उतरली. गुंदची बस लागलेली होती आणि बायका चढत होत्या. त्यांत सुनयना दिसली. भांगापाशी केस पांढरे, खाली काळे. जुन्या भिंतीचा अर्धा रंग उडावा तसे. राजेश्वरीनं रीतीप्रमाणं मान वळवली आणि केळ्यांचा भाव विचारला.

"ओ राजेश्वरी अक्का!"

अख्ख्या स्टँडनं वळून बघितलं. सुनयना बसच्या पायरीवरून हात हलवत होती. राजेश्वरीला जवळ जावंच लागलं.

"जमलं न्हाई बगा," सुनयना म्हणाली. "मीच सांगितलो त्यास्नी. वय पन, डाय पन. त्येंची भैण म्हणाली, आमाला तेहतीस सांगितल्यात, तेहतीसचीच पायजे."

"आनि त्यो? यशवंत?"

"खाली बगत बसलेले. निघताना म्हणाले, बाचं लई केलात तुमी." ती किंचित हसली. "माणूस वाईट न्हवता ओ. भैणीपुढं बोलायचं जमलं न्हाई त्यास्नी."

राजेश्वरीला जे येत होतं तेच ती बोलली. "ये की एकदा. रंग सारखा करून देतो. इस्त्री लावणार न्हाई."

"नगं आता. ऱ्हाऊ दे हाय तसं." सुनयनानं तिच्या डोक्याकडं बघितलं आणि डोळे मिचकावले. "तुमचं अजून बापावरच गेल्यात न्हवं?"

शेजारच्या दोघी खुदकन हसल्या. "व्हय की," राजेश्वरी म्हणाली.

बस सुटली. सुनयनाला खिडकी मिळाली होती. जळालेला खुंट तिनं कापून टाकला होता आणि त्या जागी पेरभर केस आले होते, मुळापासून टोकापर्यंत पांढरेशुभ्र, वाऱ्यानं ताठ उभे राहिलेले. तिनं ते कानामागं दाबले. ते पुन्हा उसळले. मग तिनं हात मांडीवर ठेवला आणि त्यांना तसंच राहू दिलं.

बस वळणाआड जाईपर्यंत राजेश्वरी उभी होती. मग तिनं पिशवीत नजर टाकली, आणि बाजूला सरकलेली कोथिंबीर पाकिटांवर नीट ओढून घेतली.