बाणाचं ऐकणारे बाबा

गाड्यांत स्टिरिओ बसवण्यात माझा हात धरणारं या भागात कोणी नाही, हे मी स्वतःच सांगते. दुसरं कोण सांगणार? त्या सकाळी दादा बाबांना घेऊन माझ्या गॅरेजात आला. गाडी चालवत दादा आला होता, आणि जन्मभर ट्रक चालवलेले बाबा मागच्या सीटवर बसले होते.

"परत रस्ता चुकले," दादा म्हणाला. "आता बास. किल्ली माझ्याकडेच राहील."

मला त्याचा रागच आला. "बाबा, चुकलात कसे?"

"शहर नवीन आहे, फोनच्या नकाशावरच्या बाणाचंच ऐकायचं, असं यानेच बजावलं होतं. मी ऐकलं. बाण म्हणाला वळा, तर तिथे भिंत."

"तोच फोन खिशात घालून मी त्या रस्त्याने चालत गेलो," दादा म्हणाला. "नकाशा अगदी बरोबर होता."

"चालत गेलास ना?" मी म्हणाले. "या गाडीत फोन स्टिरिओला जोडला, की नकाशा फोनचा, पण आपण कुठे आहोत ते सांगतो गाडीचा अँटेना."

मी फोन जोडला. पडद्यावर आमची गाडी शेजारच्या गल्लीत उभी. डॅशबोर्डवरचा अँटेना तर मीच बसवलेला, त्यात खोट निघणं शक्यच नव्हतं. मग मी समोरच्या काचेकडे पाहिलं.

"ही फिल्म कोणी लावली?"

"मी. बाबांना ऊन लागू नये म्हणून. चांगली भारीतली आहे."

"भारीतलीत धातू असतो, दादा. उपग्रहाचा सिग्नल आत येणार कुठून?"

मी अँटेना काढून वायरसकट टपावर चिकटवला. बाण टुणकन आमच्या गल्लीत आला. दादाचं तोंड बघण्यासारखं झालं होतं, पण मी मोठ्या मनाने हसले नाही.

बाबांनी आम्हाला बसवून मोठी फेरी मारली. बाण म्हणेल तिथे वळण येत होतं. गॅरेजापाशी गाडी थांबवली, तरी त्यांनी स्टिअरिंग सोडलं नाही.

"मलाच वाटायला लागलं होतं, माझं डोकं गेलं," ते म्हणाले. "झोपताना रोज तुमच्या आईचं नाव आठवून बघायचो."

दादा मागच्या सीटवरून पुढे वाकला.

"बाबा, उद्या मला कामावर सोडाल?"

बाबांनी किल्ली काढून स्वतःच्या खिशात टाकली.

"वेळेवर तयार राहा," ते म्हणाले.