जूनमधला उन्हाळा

दक्षिण अमेरिकेच्या टोकापर्यंतची सहल भूगोलाच्या सरांनी अशी काही आखायला घेतली, की स्टाफरूमने त्यांची धास्तीच घेतली. मधली सुट्टी झाली रे झाली की सर नकाशा पसरत. जूनमध्ये आधी ब्युनोस आयर्सच्या गल्ल्या पालथ्या घालायच्या, मग पॅटागोनियाच्या रानात तंबू ठोकायचा. सहलवाल्या कंपन्यांकडे ते ढुंकूनही बघणार नव्हते. जन्मभर भूगोल शिकवलेल्या माणसाला वाट दाखवणारे हे कोण टिकोजीराव!

निघायच्या आदल्या दिवशी सर सहावीचे पेपर तपासत होते आणि शेजारीच बायको त्यांची बॅग भरत होती. एका उत्तरावर सर खो खो हसत सुटले.

"ऐक गं! जूनमध्ये दक्षिण गोलार्धात कडक उन्हाळा असतो म्हणे! अगं, तिकडे तेव्हा ऐन हिवाळा. गाढव कुठला!"

त्यांनी लाल पेनाने भलीमोठी फुली मारली.

बायकोचा हात बॅगेतच थांबला. "अहो, मग तुमच्या या हाफपँटी बाहेर काढू का?"

सरांनी तो फुलीवाला पेपर पुन्हा पुढे ओढला. मग, एका गाढवाने दुसऱ्याला द्यावा तसा, त्यांनी गुपचूप अर्धा मार्क दिला.